खोटं न बोलणारं मशीन

रुपचंदभाऊंनी कागद पुढं सरकवला, त्यावर पेन ठेवला आणि चहा सांगितला. चहा सांगितला म्हणजे काम झालंच, असं ते धरून चालत. धुळ्यातल्या त्या सेवा मंडळाच्या रक्तपेढीचे ते अकरा वर्षं सेक्रेटरी होते, आणि त्यांच्या चहाला आजवर कुणी नाही म्हटलेलं नव्हतं.

"तांत्रिक शिफारस आहे. खाली फक्त तुमची सही," ते म्हणाले. "बाकी समिती बघून घेईल."

रक्तपेढीच्या नोंदी कंत्राटावर सांभाळणाऱ्या दिपमालानं कागद सावकाश वाचला. रक्तपेढीच्या सगळ्या नोंदी ज्या सर्व्हरवर राहतात तो म्हातारा झाला होता, नवा घ्यायचा होता. जळगावच्या हेमराजचं मशीन आधीच ठरलेलं दिसत होतं. नियमाप्रमाणे तीन दुकानांची तीन कोटेशनं जोडली होती. तिन्हींवरच्या सह्या एकाच हिरव्या शाईच्या आणि अक्षरं सख्ख्या भावांसारखी. देणगीदाराला म्हणे मशीन फार आवडलं होतं. मशीनला एका बाजूनं काच होती, आत निळे दिवे पेटत होते आणि समोर देणगीदाराच्या नावाची पाटी लावायला ऐसपैस जागा होती.

"मी सही करणार नाही," दिपमाला म्हणाली.

चहा आला तो दोघांच्या मध्ये तसाच राहिला.

"का बरं?"

"हे मशीन दिवाणखान्यात ठेवायला चांगलं आहे. आपल्याकडं माणसांच्या रक्ताच्या नोंदी आहेत."

रुपचंदभाऊ हसले. माणूस तसा वाईट नव्हता, पण वाद टळत असेल तर खरंखोटं करत बसायची त्यांना सवय नव्हती. "दिपमालाताई, नोंदींबद्दल तुम्ही बोलावं? तुम्ही?"

आठ महिने या एका टोमण्यावर तिची मान खाली जात होती. आज गेली नाही. तिनं पेन उचलून त्यांच्या खिशाला लावला आणि म्हणाली, "हो, मीच बोलणार. दुसऱ्या कुणाला बोलायची गरज पडली नाही ना."

तिच्यावर आळ होता, तो असा. पिंपळनेरच्या पलीकडच्या एका पाड्यावरची किरण नावाची नऊ वर्षांची मुलगी, सिकलसेलची. लागेल तेव्हा तिची आई, ताईबाई, तिला रक्त द्यायला धुळ्याला आणायची. वारंवार बाहेरचं रक्त घेणाऱ्याचं शरीर कधी कधी एखाद्या प्रकारच्या रक्तावर रुसतं. पुढं काही महिन्यांनी तो रुसवा तपासणीत दिसेनासा होतो, पण मनातून गेलेला नसतो. म्हणून अशा पेशंटच्या नोंदीत ते लिहून ठेवावंच लागतं. किरणचं असं काही आहे, हे मागच्याच्या मागच्या डिसेंबरात जळगावच्या लॅबनं फोन करून कळवलं. फोन दिपमालानं घेतला, आणि लगेच कम्प्युटरसमोर बसून नोंद टाकली. सहाला मिनिटभर कमी होतं. पडद्यावर 'सेव्ह झाले' असं आलं. ती पर्स उचलून घरी गेली.

मग ताईबाईचं घर ऊसतोडीला गुजरातेत गेलं. जूनमध्ये पांढरीफटक झालेल्या पोरीला घेऊन आई जीपनं धावत आली. लॅबचा कागद घरी पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत. तपासणीत काही दिसलं नाही, कम्प्युटरवर नोंद नव्हती, रक्त दिलं गेलं. आठव्या दिवशी पोरीचे डोळे हळदीसारखे झाले. एकोणीस दिवस ती दवाखान्यात झुंजली आणि वाचली. नंतर पेटीतला कागद निघाला, त्यावर 'फोनने कळविले आहे' असं लिहिलेलं. मंडळानं चौकशी केली, ती एका दुपारात संपली. दिपमालाच्या फाइलवर शेरा पडला: 'नोंद न करता हलगर्जीपणा केला.'

ती म्हणाली होती, मी नोंद केली होती. कुणी मानलं नाही. महिना-दोन महिन्यांनी तिलाही आपली खात्री वाटेना. माणसाला दहा जण वेडं म्हणाले की अकरावा तो स्वतः असतो. शेवटी ताईबाईनं कॉरिडॉरमध्ये गाठून विचारलं, "बाई, काय झालं होतं?" तेव्हा दिपमाला "चुकलं माझं" एवढंच म्हणून निघून आली. ते वाक्य तिला झोपेतही टोचायचं.

सही नाकारली त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती एसटीनं जळगावला गेली. कॉलेजात तिच्या वर्गात असलेला उमर बळीराम पेठेतल्या एका गल्लीत मशीनं जोडायचा आणि दुरुस्त करायचा. दुकान एवढंसं, बसायला मॉनिटरचा खोका. तिनं त्याला सगळं सांगितलं, डिसेंबरच्या त्या संध्याकाळसकट.

उमरनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या दिवशी लाइट गेली होती का?"

"नाही."

"आठव नीट. कारण तुमचा आताचा सर्व्हरही हेमराजनंच बसवलेला आहे, आणि त्याची खोड मला ठाऊक आहे. मशीन फास्ट वाटावं म्हणून तो एक सेटिंग फिरवतो. मग डिस्कवर काही लिहायच्या आधीच मशीन सांगतं, लिहिलं. शेठचं पार्सल बगलेतच असतं आणि नोकर म्हणतो, पोहोचवलं शेठ. तेवढ्यात करंट गेला तर पार्सल गेलं."

दिपमाला ती संध्याकाळ आठवू लागली. लाइट गेली नव्हती. पण रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला ऑफिसच्या दारात चुडामण नाना उभे राहायचे आणि म्हणायचे, "चाल माय, निंघ आते, मेन पाडस."

चुडामण नाना रक्तपेढीचे वॉचमन. आधी चाळीस वर्षं दोंडाईच्याच्या एका जिनिंगमध्ये होते. कापसाच्या गावात संध्याकाळी मेन स्विच पाडल्याशिवाय कुणी कुलूप लावत नाही. एक ठिणगी आणि सारा हंगाम खाक. नाना इथं आले ते ही शिस्त घेऊनच आले. फ्रीजची लाइन वेगळी, लाल दांडीची, तिला ते कधी हात लावत नसत. बाकीच्या ऑफिसची काळी दांडी सहाला खाली, सकाळी आठला वर. दिपमालानं ते वाक्य भिंतीवरच्या घड्याळासारखं रोज ऐकलं होतं. सर्व्हर फ्रीजच्या लाइनवर आहे, असं तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि तिनं ते मानलं होतं. सकाळी पडद्यावर कसल्याशा दुरुस्तीचं इंग्रजी वाक्य यायचं. रोजच यायचं. ती ओके दाबून कामाला लागायची.

"त्या ओकेवर माझंच बोट होतं," ती म्हणाली.

"होतं," उमर म्हणाला. खोटा धीर द्यायची त्याची रीत नव्हती. "आता बोल, काय पाहिजे?"

"खोटं न बोलणारं मशीन पाहिजे."

उमरनं ते टेबलावर जोडलं. पत्र्याची करडी, पोचे गेलेली पेटी. आत मात्र निवडून घेतलेलं: स्वतःची चूक स्वतः पकडणारी मेमरी, आणि एकीवर लिहिलेलं दुसरीवरही लिहिणाऱ्या दोन डिस्क. त्या डिस्क अशा, की करंट गेला तरी हातातलं शेवटचं अक्षर लिहून पुरं करण्यापुरती ताकद त्यांच्या पोटात साठवलेली. धुळ्याचा मे महिना लक्षात ठेवून दोन मोठे पंखे, त्यांच्यापुढं धुळीची जाळी. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणून लिनक्स, वर्षानुवर्षं दुरुस्त्या मिळत राहतील अशी आवृत्ती. ना रंगीत पडदा, ना गाणी, ना भर दुपारी आपल्या मर्जीनं बंद होऊन चालू व्हायची खोड. डेटाबेस सांभाळायचा, बाकी काही नाही.

"पसंत पडलं तर बिल, नाही पडलं तर परत," उमर म्हणाला.

पेटी मांडीवर घेऊन ती धुळ्याच्या गाडीत बसली. पारोळ्याला कंडक्टरनं विचारलं, "काय आहे ताई, मिक्सर?" ती म्हणाली, "हो, भल्याभल्यांची चटणी करायला नेतेय." कंडक्टर आपणहून पुढच्या सीटवर सरकला.

सोमवारी तिनं मध्ये कुणाला न विचारता भिंतीवरची वायर धरून सर्व्हरच्या कपाटापासून बोर्डापर्यंत माग काढला. सर्व्हरची वायर काळ्या दांडीलाच जाऊन मिळत होती. मग तिनं रुपचंदभाऊंना चिठ्ठी पाठवली: समितीपुढं दोन्ही मशीनांची परीक्षा घ्या, हेमराजचं पास झालं तर मी सही करते आणि मार्चमध्ये माझं कंत्राटही वाढवू नका. रुपचंदभाऊंना एवढं स्वस्तात काम होतंय हे पाहून बरंच वाटलं. त्यांनी गुरुवार दिला.

गुरुवारी समितीच्या टेबलावर दोन्ही मशीनं मांडली गेली. हेमराजचं निळ्या दिव्यांचं, शेजारी उमरचं पोचे गेलेलं. समितीतले दोन ज्येष्ठ सभासद उमरच्या मशीनकडं वरातीत घुसलेल्या परक्या माणसासारखे बघत होते. त्याच दिवशी किरणला रक्त द्यायचं होतं. ती शेजारच्या वॉर्डात झोपली होती, आणि ताईबाईला दिपमालानं मुद्दाम आत बोलावून खुर्ची दिली होती.

"यांचं इथं काय काम?" रुपचंदभाऊंनी विचारलं.

"सर्वांत जास्त काम यांचंच आहे," दिपमाला म्हणाली.

हेमराज इस्त्रीच्या कपड्यांत आला होता. "माझ्या मशीनवर तुमच्या घरच्या कम्प्युटरवर असते तीच सिस्टीम आहे," तो म्हणाला. "कुणालाही चालवता येते. ताईंचं लिनक्स म्हणजे फुकटचा माल."

"फुकट ते पौष्टिक," एक सभासद म्हणाला, आणि सगळे हसले.

"हसा," दिपमाला म्हणाली. "मोजणी झाल्यावर पुन्हा हसू."

तिनं परीक्षा समजावली. दोन्ही मशीनांवर खोट्या नावांच्या नोंदी एकामागून एक जातील. मशीन 'सेव्ह झाले' म्हणालं की त्या नोंदीचा नंबर तिच्या लॅपटॉपवर येईल. लॅपटॉप बॅटरीवर आहे. एवढंच.

सुरू झालं. दोन मिनिटांत हेमराजचं मशीन एक्केचाळीस हजारांवर गेलं. उमरचं जेमतेम नऊ हजारांवर होतं. रुपचंदभाऊ खुर्चीत मागं रेलले. हेमराजनं खिशातून वेलची काढून तोंडात टाकली.

दिपमालानं दाराकडं वळून हाक मारली, "नाना, मेन पाडा."

चुडामण नाना दचकले. "आते? आतेनी आते? सहा नही वाजनात."

"आताच पाडा. रोज पाडता तसाच."

खोली काळवंडली. पंखे गरगरत थांबले, निळे दिवे विझले. लॅपटॉपवर दोन आकडे उभे राहिले, ते दिपमालानं मोठ्यानं वाचून समितीच्या वहीत लिहायला लावले: हेमराजचं मशीन 'सेव्ह झाले' म्हणालं त्रेचाळीस हजार एकशे आठपर्यंत, उमरचं नऊ हजार चारशे सोळापर्यंत. मग तिनं नानांना दांडी वर करायला सांगितलं.

मशीनं चालू झाली. उमरच्या मशीनमध्ये नऊ हजार चारशे सोळावी नोंद जागच्या जागी होती. हेमराजच्या मशीननं ते इंग्रजी वाक्य दाखवलं, कसल्याशा दुरुस्तीचं. दिपमालानं या वेळी ओके दाबलं नाही. आधी सगळ्यांना वाचून दाखवलं. मग दाबलं. मशीनमधली शेवटची नोंद बेचाळीस हजार चारशे शहाण्णव होती.

"सहाशे बारा माणसं," ती म्हणाली. "मशीन म्हणालं सेव्ह झाली. झाली नाहीत. डिसेंबरात किरणची नोंद अशीच गेली."

आता कुणी हसत नव्हतं.

"यूपीएस लावला की प्रश्न मिटला," हेमराज घाईनं म्हणाला.

"लावूच. पण तुम्ही बसवलेल्या आधीच्या यूपीएसची बॅटरी दुसऱ्याच उन्हाळ्यात फुगली, तेव्हा तो काढून कुणी ठेवला आणि तसंच चालू द्या कुणी सांगितलं, ते तुम्हाला आठवतंय."

"ते सेटिंग आहे. बदलता येतं."

"मग आधीच का नाही बदललं?"

हेमराजनं वेलची चावली. "स्पीड कमी होतो," तो हळूच म्हणाला.

इथवर दिपमाला जिंकत आली होती. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिला छाती भरून श्वास घेता आला. आणि तेवढ्यात रुपचंदभाऊंची नजर दाराकडं गेली. इतक्या वर्षांच्या सरावानं त्यांना वाट सापडली होती.

"म्हणजे नाना, हे तुमचं काम!" ते म्हणाले. "रोज मेन पाडत होतात तुम्ही. एका पोरीचा जीव जाता जाता वाचला."

चुडामण नानांचा चेहरा उतरला. त्यांनी दांडी पाडणारा आपला उजवा हात पाहिला, आणि तो कुठं ठेवावा हे त्यांना कळेना. नानांना आधी विश्वासात घ्यायला हवं होतं, हे दिपमालाला तेव्हा उमगलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. आपली बाजू मांडायच्या भरात तिनं म्हाताऱ्याला सगळ्यांसमोर उघडं पाडलं होतं.

"मी चाळीस वरीस जिनिंगमा काढात," नाना म्हणाले. "सरकीना ढीगले एक ठिणगी लागनी, दोन मानसं जळी ग्यात, मन्हा डोयासमोर. तवपाइन सांजले मेन पाडाशिवाय माले घास उतरत नही. माले कोणी सांगं नही भाऊ, ह्या डबामा लोकेस्ना जीव शे म्हनीसन."

"ते झालं," रुपचंदभाऊ म्हणाले. त्यांनी दिपमालाची फाइल ओढून घेतली. आवाजात आता माया होती. "ताई, तुमच्यावर अन्याय झाला, मान्य. तुमचा शेरा काढतो आणि चौकशीत नानांचं नाव लिहितो. मशीनही तुमचंच घेऊ. झालं समाधान?"

एका सहीवर सगळं मिळत होतं: नाव, नोकरी, मशीन. तिला मोह झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. क्षणभर तिच्या डोळ्यांपुढं कोरी फाइल आलीच.

"नाही," ती म्हणाली.

"आता काय नाही?"

"नानांचं नाव लिहिलंत तर माझा शेरा राहू द्या, आणि मशीन पण नको. हेच निळे दिवे लावा, आणि खाली लिहा की परीक्षेत नापास झालेलं मशीन घेतलं."

"अहो, पण कुणाचं तरी नाव लागतं!" रुपचंदभाऊंनी फाइलवर थाप मारली. "तक्रार आहे. तक्रारीला माणूस दाखवावा लागतो. कायदा आहे तो." ते ताईबाईकडं वळले. "बाई, तक्रार तुमची. तुम्हीच सांगा, कुणावर लिहू?"

ताईबाईनं पदर सावरला. ती उठली.

"मी तक्रार करेल नव्हती, भाऊ," ती म्हणाली. "मी इचारेल व्हतं, मन्ही पोरले काय व्हयनं? आठ महिना व्हयनात. तुमीन माले ह्या बाईनं नाव सांगं. काय व्हयनं, ते आजलोक कोणीच नही सांगं."

दिपमालाला वाटलं, हिच्यासमोर आपण 'चुकलं माझं' म्हणून पळालो, तेव्हा आपणही हिच्या हातात एक नावच ठेवलं. ती टेबलाला वळसा घालून ताईबाईजवळ गेली. तिनं तिला पहिल्यापासून सांगितलं: जळगावचा फोन, पडद्यावरचं 'सेव्ह झाले', कुणी सांगितलेलं नसल्यानं नानांनी पाडलेला मेन, बगलेत राहिलेलं पार्सल, सकाळचं ओके आणि त्यावरचं आपलं बोट. काही लपवलं नाही. ताईबाईनं मध्ये दोनदा थांबवून विचारलं, आणि दोन्ही वेळा दिपमालानं पुन्हा सांगितलं.

ऐकून झाल्यावर ताईबाई रुपचंदभाऊंना म्हणाली, "आते हाई लिखा."

रुपचंदभाऊंनी समितीकडं पाहिलं. दोन्ही ज्येष्ठ सभासद आपापले चष्मे पुसत होते. हेमराज आपल्या मशीनच्या वायरी गुंडाळत होता. शेवटी रुपचंदभाऊंनी खिशातला पेन काढला.

"काय लिहू?"

"लिहा," दिपमाला म्हणाली. "नोंद केली होती. मशीननं ती ठेवली नाही. ते मशीन तपासून न पाहता आम्ही निवडलं होतं."

पेन 'आम्ही'पाशी अडला. "मंडळानं, असं लिहू का?"

"मंडळ आजारी पोरीच्या उशाशी बसलं नव्हतं. आम्ही लिहा. खाली तुमची सही, मग माझी."

ताईबाई सातवी शिकलेली होती. ती टेबलावर वाकली आणि सेक्रेटरींचं लिहून होईपर्यंत एकेक अक्षर बोटानं वाचत राहिली.